केशरी तर होऊन गेला, ताई

आज ३० सप्टेंबर. सकाळी ड्यूटीला निघताना केशरी टीशर्ट घातला, लिफ्टच्या आरशात फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उत्तर, "केशरी तर होऊन गेला ताई, आज गुलाबी!"

हसले मी, खरंच. नवरात्रात आपल्याला दुसरं काय सुचणार? मग लिहिलं, अगं हा ऑरेंज शर्ट डेचा आहे, इथे कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या रेसिडेन्शियल स्कूलमध्ये ठेवलं, त्या मुलांसाठी. त्यावर आपल्या एका काकांनी (माणूस चांगला, गणपतीत आरतीचा आवाज त्यांचाच) लिहिलं, "आपण २०११ ला आलो. आपला काय संबंध? आणि सरकारने पैसे दिलेत की त्यांना." त्याला चौदा अंगठे. चौदा! तेव्हापासून डोकं फिरलंय. जेवणाचा ब्रेक हे टाइप करण्यात चाललाय.

मी म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये काम करते, तुम्हाला माहीतच आहे. तिथे एक आजी आहेत. नाव-गाव सांगणार नाही. पंचाऐंशीच्या पुढे वय, पांढरे केस कमरेपर्यंत. पहिल्याच आठवड्यात मी आपलं प्रेमानं विचारलं, केस थोडे कापूया का, धुवायला सोपं जाईल. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस मला जवळ येऊ दिलं नाही. मला वाटलं, वयामुळे विसरतात, माणसं ओळखत नाहीत.

त्यांच्या मुलीनं नंतर सांगितलं. आजी सहा वर्षांच्या होत्या. अशाच एका शाळेत पोचल्या त्याच दिवशी वेणी कापली, अंगावरचे कपडे काढून घेतले आणि नावाच्या जागी नंबर दिला. तो नंबर त्यांना अजून पाठ आहे.

हा केशरी शर्टही असाच एका सहा वर्षांच्या मुलीचा. फिलिस वेबस्टॅड. १९७३ मध्ये तिच्या आजीनं हौसेनं नवा शर्ट घेऊन दिला, आणि विल्यम्स लेकजवळच्या मिशन शाळेत पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत काही मिळाला नाही. अशी दीड लाखांवर मुलं. १९२० मध्ये तर कायद्यानंच सक्ती केली. मूल पाठवलं नाही तर आईबापांना दंड नाहीतर तुरुंग. घरची भाषा बोललं की मार. सरकारच्याच डॉक्टरनं, पीटर ब्राइसनं, १९०७ मध्ये लिहून दिलं होतं की या शाळांत पोरं क्षयानं मरताहेत. कुणी ऐकलं? शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९६-९७ उजाडलं. मी तेव्हा दहावीत होते हो! आणि लोक म्हणतात इतिहास झाला.

कॅमलूप्सच्या अशाच शाळेच्या आवारात अजून खोदकाम झालेलं नाही, रडारवर दिसलेल्या खुणांना थेट थडगी म्हणू नये, बरं, मान्य. काही मुलं तिथे शिकली, हॉकी खेळली, असंही सांगतात. असेल. पण या शाळांच्या नोंदी ठेवणाऱ्या विनिपेगच्या केंद्राकडे मेलेल्या मुलांची चार हजारांवर नावं आहेत, ती काय रडारवरची आहेत?

मला राग कशाचा येतो सांगू? जबरदस्तीनं केस कापणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावं लागतंय! माझ्या पणजीचं केशवपन झालं होतं. वय वर्षं एकोणीस. आमच्या घरात तिचा एकच फोटो आहे, लाल आलवणातला, आणि माझी आजी तो कुणाला दाखवत नसे. त्या प्रथेविरुद्ध नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांचा संप घडवला, हे आपण भाषणात अभिमानानं सांगतो. मग सहा वर्षांच्या पोरीच्या वेणीपाशी आपला संबंध कसा संपतो?

पैसे दिले म्हणे. हो, दिले. शाळेतल्या पहिल्या वर्षाचे दहा हजार डॉलर, पुढच्या दर वर्षाचे तीन हजार. वेणीचा भाव किती लावायचा, काका? आणि याच आपल्या ओंटारियोत नेस्कांटागा नावाच्या आदिवासी वस्तीला १९९५ पासून पाणी उकळून प्या म्हणून सूचना आहे. तीस वर्षं! आपल्याकडे चार तास पाणी गेलं तर सिटीला किती फोन जातात ते मी पाहिलंय.

हे सगळं मिटवून घेण्याला इथे रिकन्सिलिएशन म्हणतात, मराठीत समेट. मला तो शब्दच पटत नाही. समेट दोन भांडणाऱ्यांत होतो. आजींचं कुणाशी काय भांडण होतं?

असो. बीपी वाढतंय.

खरं सांगायचं तर मीही आठ वर्षं त्या चौदा अंगठ्यांतच होते. या शाळांची चौकशी करणाऱ्या मरे सिंक्लेअर यांच्या आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली शेवटची, ९४ वी, नागरिकत्वाच्या शपथेबद्दल आहे. म्हणजे आपल्याचबद्दल. २०२१ पासून शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या इथल्या आदिवासी लोकांच्या हक्कांचा उल्लेख आहे. मी ती २०२३ मध्ये झूमवर घेतली. वर जरीचा कुर्ता, खाली पायजमा, आणि लक्ष सगळं पेढ्यांच्या डब्याकडे. काय बोलतेय ते कानावरून गेलं. त्यामुळे काकांवर किती चिडायचं, हाही प्रश्नच आहे.

आजींना वेणी घालायला कुणी शिकवलंच नव्हतं. आई लांब, आणि शाळेत केस ठेवतच नव्हते. स्वतःच्या लेकीचे केस त्या लहानपणी विंचरायच्या आणि रबर लावून सोडून द्यायच्या. चाळिशी उलटल्यावर एका मैत्रिणीकडून शिकल्या. त्यांच्या भाषेतले आता पाच-सहा शब्द उरलेत. आणि आपण? रविवारच्या मराठी शाळेसाठी पोरांना चाळीस किलोमीटर गाडीतून नेतो आणि त्यांनी कंटाळा केला की कपाळाला हात लावतो.

हल्ली त्यांचे केस मीच विंचरते. मुलीला विचारून घरचं खोबरेल नेलं एकदा, त्यांना वास आवडला. वेणी झाली की शेवटाला हात लावून बघतात, आहे ना म्हणून. दर वेळी.

आज माझा टीशर्ट त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि म्हणाल्या, "हा रंग तुला शोभत नाही." मग खुर्ची ओढून पाठ करून बसल्या, कंगवा माझ्या हातात दिला.

ब्रेक संपला. काका, शनिवारी भोंडल्याला भेटूच. आणि मिसिसागाला इंडियन स्टोअरकडे कुणी जाणार असेल तर खोबरेलाची एक मोठी बाटली आणा प्लीज, माझं संपत आलंय.