सहाव्या मजल्यावरचा अभ्रा

उशीचा एक अभ्रा आणायचा असतो. एकच. चिठ्ठीवर लिहून न्यावं इतकंही हे काम मोठं नाही आणि तिथेच माणूस गाफील राहतो. मोठ्या शहरातल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये गाफील शिरलेला माणूस दोन तासांनी बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात तीन जोड मोजे, एक मेणबत्ती आणि बाटल्यांची झाकणं उघडायचं यंत्र असतं. अभ्रा नसतो.

यात माणसाचा दोष नाही, इमारतीचा आहे. ती बांधलीच तशी आहे.

मजल्यांचा क्रम बघा. दारातच अत्तरं, पावडरी, लिपस्टिका, घड्याळं आणि पर्सेस. म्हणजे आकाराने लहान, नफ्याला दांडग्या आणि घरून ठरवून कुणी घ्यायला येत नाही अशा वस्तू. गादी, चादर, कढई, कपाट हे सगळं वर. ज्याला गादी हवी आहे तो गादीसाठी सहा मजले चढणारच, हे दुकानाला पक्कं ठाऊक असतं. लिपस्टिकसाठी सहा मजले कोण चढेल? थोडक्यात, वस्तू जितकी गरजेची तितकी ती उंचावर. स्वच्छतागृह आणि माल बदलून देणारं काउंटर कुठे असतं, हे आता वेगळं सांगायला नको.

लंडनचं सेल्फ्रिजेस १९०९ साली उघडलं आणि अत्तरं पुढच्या दाराशी मांडायची चाल तिथून पसरली असं मानतात. तेव्हापासून दारातून आत आलेल्या प्रत्येकाला फवाऱ्याच्या माऱ्यातून जावं लागतं. हात खिशात घालून, नजर समोर ठेवून चालत राहणं हा एक उपाय. आणि खरंच अत्तर घ्यायचं असेल तर कागदाच्या पट्टीवर फवारून घ्या. तिसऱ्या-चौथ्या वासानंतर नाक संपावर जातं, मग सगळी अत्तरं सारखीच उंची वाटतात. आवडलेलं एकच मनगटावर लावा, मनगटं एकमेकांवर घासू नका आणि निघून जा. पहिली दहा-पंधरा मिनिटं जो दरवळ येतो तो उडून जाणाऱ्यांचा असतो. संध्याकाळपर्यंत जो मनगटावर टिकतो, त्याच्याशी संसार करायचा आहे.

मग सरकता जिना. हे प्रकरण वरवर दिसतं तितकं सरळ नाही. जिना साधारण ३० अंशांत चढतो आणि सेकंदाला अर्धा मीटर सरकतो. मजल्याची उंची ५ मीटर धरली तर उताराची लांबी १० मीटर, म्हणजे एका मजल्याला २० सेकंद. सहा मजल्यांना १२० सेकंद. दोन मिनिटांत अभ्र्यापाशी! पण तसं होत नाही, कारण पुष्कळ दुकानांत एक जिना जिथे सोडतो तिथून पुढचा सुरू होत नाही. तो असतो मागच्या टोकाला. प्रत्येक मजल्यावर अर्धी प्रदक्षिणा घातल्याशिवाय वर जाता येत नाही आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर टेबलं मांडलेली असतात. मोज्यांची, मेणबत्त्यांची, झाकणं उघडायच्या यंत्रांची. उतरायचे जिने मात्र बहुधा एकाखाली एक लागून असतात असं मला वाटायचं, तेही नसतात.

लंडनच्याच हॅरॉड्समध्ये १८९८ साली सरकता जिना बसवला तेव्हा वर पोचलेल्या गिऱ्हाइकांची घाबरगुंडी उतरावी म्हणून त्यांना ब्रँडी देत असत. आज जिना सुधारला आहे, ब्रँडी बंद झाली आहे. प्रगती म्हणतात ती हीच.

लिफ्ट असते. ती चार मोठ्या खांबांआड, बॅगांच्या विभागामागे असते. वरच्या मजल्यावरून खाली यायचं असेल तर खाली जाणारी लिफ्ट भरलेलीच येते, दारं उघडतात, आतले बाहेरच्यांकडे दयेने बघतात, दारं मिटतात. तिथे एकच युक्ती चालते: वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये चढायचं. ती शेवटच्या मजल्यावर रिकामी होते आणि मग आपण भरलेल्यांपैकी होतो. दयेने बघायची पाळी आपली.

प्रदक्षिणेत कपड्यांचा मजला लागतोच. तिथे खिडकी नसते, कारण भिंतीला मांडण्या लावता येतात, खिडकीला येत नाहीत, आणि उन्हाने कापडाचा रंगही विटतो. पण त्यामुळे तिथला काळा रंग घरी येऊन गडद निळा होतो. दोन रंग एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फारकत घेतात, हा रंगद्रव्यांचा जुना स्वभाव आहे. पँटवर शर्ट जुळवायचा असेल तर विक्रेत्याला सांगून दोन्ही दाराच्या उजेडात न्यावेत. तळमजल्यावर, अत्तरांत.

ट्रायल रूममध्ये लोक सरळ उभे राहून, पोट आत ओढून, श्वास धरून स्वतःकडे बघतात. आयुष्यात आपण या अवस्थेत दिवसाकाठी किती वेळ असतो? पँट घालून आधी बसा. मग उकिडवे बसा. खिशात फोन घाला, कारण तो तिथेच राहणार आहे. शर्ट घालून दोन्ही हात वर करा, बसमध्ये दांडा धरल्यासारखे. पाठीवर शिवण ताणली तर एक माप मोठं मागा. लेबलवरच्या आकड्यावर रुसू नका आणि हुरळूनही जाऊ नका. पँटवर ३२ लिहिलेलं असतं आणि टेप लावली तर कंबर ३४ इंच भरते, असं सर्रास होतं. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून कंपन्यांनी केलेला हा धर्मादाय आहे. बूट मात्र संध्याकाळीच घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी मापाला बसलेला बूट सहा वाजता चावतो.

घडी घातलेला नवा शर्ट ट्रायल रूममध्ये उघडू नये, हे अनुभवाने नाही तरी गणिताने पटावं. आत पुठ्ठा, कॉलरखाली प्लास्टिकची पट्टी, दोन-चार चिमटे आणि टाचण्या. टाचण्या काढून मोजल्या तर घातलेल्यांपेक्षा एक नेहमी कमी भरते. ती कुठे आहे ते बसल्यावर कळतं. त्याच मापाचा हँगरवर लावलेला शर्ट मागावा.

आणि आता सहावा मजला. चादरी, गाद्या, उशा, अभ्रे. इथे माणूस मऊ होतो आणि इथेच फसतो.

अभ्रा घ्यायचा तर उशीचं माप हवं. ते कुणालाच माहीत नसतं. दुकानात लोक दोन्ही हात हवेत पसरून "एवढी असेल" असं सांगतात. ही मासा पकडणाऱ्यांची पद्धत आहे, उशीवाल्यांची नाही. घरी उशी सपाट ठेवून एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजायची, फुगवटा सोडून. ५० बाय ७५ सेंटीमीटरची उशी असेल तर नेमका तेवढाच सुती अभ्रा नको, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. ७५ सेंटीमीटरमधून पावणेचार गेले की उशी अभ्र्यातून मान बाहेर काढून बघते. तोंडाशी आत दुमडणारी १५ सेंटीमीटरची झडप असेल तर ती झाकली जाते. चेन असेल तर ती लागत नाही.

चादरीचा हिशोब आणखी तिखट आहे. गादी १५० बाय २०० आणि जाडी २५. रुंदीत १५० अधिक दोन्ही बाजूंचे २५-२५, अधिक खाली खोचायला २०-२०. झाले २४०. लांबीत त्याच हिशोबाने २९०. दुकानात २४० बाय २७० ची चादर हाती देतात आणि "डबल" म्हणतात. राहिलेले २० सेंटीमीटर कुठून कमी झाले ते रात्री दोन वाजता पायाला कळतं. रबर लावलेली चादर घेणार असाल तर पाकिटावर गादीची जाडी शोधा. ती नसेल तर पाकीट परत ठेवा. २० सेंटीमीटर जाडीसाठी शिवलेली चादर २५ च्या गादीवर चढवताना चौथा कोपरा बसवला की पहिला सुटतो, आणि हे काम कितीही वेळ चालू शकतं.

पाकिटावर "थ्रेड काउंट १०००" असं सोनेरी अक्षरांत असतं. म्हणजे एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची बेरीज. इंचभर जागेत इतके धागे मावणार कसे? पीळ दिलेल्या एकेका सुतातले बारके पदर वेगवेगळे मोजून. २०० ते ४०० चं चांगल्या सुताचं कापड हजारीपेक्षा बरं असू शकतं. हाताने चुरगळा, उजेडासमोर धरा. बोटं दिसली की कळलं.

भाव करू नका. ही सवय जाता जात नाही, पण इथे समोरच्या माणसाच्या हातात काहीच नसतं. पॅरिसमध्ये आरिस्तिद बुसिको १८५२ साली 'बों मार्शे' या दुकानात भागीदार झाला आणि त्याने चिठ्ठीवर लिहिलेला एकच भाव, न घेता नुसतं बघायची मुभा आणि न आवडल्यास परत, हा रिवाज रुजवला. बों मार्शे म्हणजे फ्रेंचमध्ये स्वस्त. घासाघीस गेली, तिच्या जागी सेल आला. "५० टक्के, वर आणखी २० टक्के" ही पाटी वाचून लोक ७० म्हणतात. शंभराचे पन्नास झाले, पन्नासातून दहा गेले, उरले चाळीस. सूट ६० टक्के. "दोनवर एक फुकट" म्हणजे ३३ टक्के, तीही तीन अभ्रे हवे असतील तर. आणि "पर्यंत" हा शब्द पाटीवर शोधा. आकड्याच्या पायाशी तो मुंगीएवढा बसलेला असतो.

बिलाचा कागद उष्णतेने छापला जातो, शाईने नाही. पाकिटात महिनाभर ठेवलात तर कोरा होतो, जपून लॅमिनेट केलात तर संपूर्ण काळा. दुकानातच फोटो काढून ठेवा.

काउंटरवरची व्यक्ती कपड्यावरचा कडक प्लास्टिकचा टॅग चुंबकाने सोडवते. सगळे सोडवले का ते तिथेच बघा. राहिला तर दारात शिट्टी वाजते आणि सारा तळमजला तुमच्याकडे वळतो. त्याहून वाईट म्हणजे शिट्टी वाजतच नाही आणि टॅग घरी सापडतो. पक्कड लावू नका. काही टॅगमध्ये शाईची कुपी असते. बिल घेऊन परत या.

मोठ्या दुकानाला चार रस्त्यांवर चार दारं असतात आणि घाईत निघालेला माणूस हमखास चुकीच्या दाराने बाहेर येतो. इमारतीला बाहेरून वळसा म्हणजे तीन चौक आणि तितकेच सिग्नल. आतून गेलं तर दोन मिनिटं. आतून जायचं म्हणजे हात खिशात घालून, नजर समोर ठेवून. पण आता दोन्ही हातांत पिशव्या असतात.