कोल्डिट्झ म्हटलं की ग्लायडर, मजुमदार कुणालाच माहीत नाही

युट्यूबवर कोल्डिट्झचा कुठलाही व्हिडिओ लावा, ठरलेला माल. जर्मनीत सॅक्सनीमधला मुल्डे नदीकाठचा किल्ला, दुसऱ्या महायुद्धात पळून जाण्यात पटाईत असलेले दोस्तांचे ऑफिसर तिथे आणून कोंडलेले आणि माळ्यावर पलंगाच्या फळ्यांचा गुपचूप बांधलेला तो ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान), जो कधी उडालाच नाही. भारी आहेच ते, फॅन मी पण आहे. 1942 च्या जानेवारीत एअरी नीव्ह हा ब्रिटिश ऑफिसर जर्मन ऑफिसरचा नकली युनिफॉर्म चढवून चक्क चालत बाहेर पडला, मानलं.

पण आतली उतरंड कोण सांगणार? जिनिव्हा करारामुळे ऑफिसर कैद्यांना कामाला जुंपता येत नव्हतं, उलट त्यांच्या दिमतीला साधे शिपाई कैदी ठेवलेले. अ‍ॅलेक्स रॉस नावाचा ऑर्डर्ली दोन्ही पाय नसलेल्या पायलट डग्लस बेडरला पाठीवर घेऊन जिने चढायचा. 1943 मध्ये रॉसला घरी जायची संधी आली तर बेडर म्हणे नाही, हा इथंच राहणार! झालं, आणखी दोन वर्षं तिथंच.

आणि आपला डॉक्टर बिरेंद्रनाथ मजुमदार. गयेचा, लंडनला शिकलेला, ब्रिटिश आर्मीच्या मेडिकल कोअरमधला ऑफिसर, 1940 ला फ्रान्समध्ये पकडला गेला. कोल्डिट्झमध्ये एकटा भारतीय. गोऱ्यांनी नाव काय ठेवलं तर जंबो. पळायच्या प्लॅनमध्ये घ्या म्हटलं तर नाही, तुझ्या रंगावरून लगेच ओळखू येशील. बरं जर्मनांनी त्याला बर्लिनला नेऊन सुभाषबाबूंना भेटवलं, तो स्वतः स्वातंत्र्यवादी, पण शपथ ब्रिटिश आर्मीची घेतलीय म्हणून त्यांच्या बाजूला यायला नाही म्हणाला, आणि किल्ल्यात परत आला तर सोबतचे ब्रिटिश कैदीच त्याच्यावर संशय घेणार. मला राग येतो तो इथं.

1943 च्या सुरुवातीला, ज्या सुमाराला गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये इंग्रजांच्या कैदेत उपोषण करत होते, त्याच सुमाराला हा पठ्ठ्या जर्मनांच्या किल्ल्यात उपोषणाला बसला. मागणी एकच, मला भारतीय कैद्यांच्या कॅम्पात पाठवा. आणि जर्मन नमले! तिकडून मग तो पळाला, पकडला गेला, पुन्हा पळाला, आणि 1944 मध्ये फ्रान्समधून शेकडो किलोमीटर पायी तुडवत स्वित्झर्लंडला पोचला.

बेडरला पुढे सर पदवी मिळाली. मजुमदारला लंडनमध्ये आधी चौकशीला बसवलं, बोसना का भेटलास म्हणून.