म्हणे, पूर्वी असले रोग नव्हते!

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड. ‘आजी-आजोबांच्या काळात ब्लड कॅन्सर कोणी ऐकला होता का? लोखंडी तवा आणि घाण्याचं तेल सोडलं, त्याची ही फळं.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग. डोकंच फिरलं.

ऐकणार कुठून? सांगणारंच कोणी नव्हतं! माझा धाकटा काका नऊ वर्षांचा असताना गेला, 1971 साली, परांड्याकडच्या आमच्या गावात. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. हिरड्यांतून रक्त. कुठे न पडता मांड्यांवर काळेनिळे डाग. वैद्य म्हणाले पांडुरोग, शेजारीण म्हणाली करणी, आणि आजी मरेपर्यंत म्हणत राहिली, दृष्ट लागली. काय झालं होतं ते आता छातीठोकपणे कोण सांगणार? रक्त कोणी तपासलंच नाही.

आणि घाण्याचंच तेल खात होता हो तो!

कॅन्सरची पद्धतशीर नोंद देशात पहिल्यांदा सुरू झाली ती मुंबईत, 1963 साली. खेड्यातली पहिली नोंदणी आमच्या बार्शीची, तीही 1987 ची. तिची माणसं बार्शी, परांडा, भूमच्या गावागावांत जाऊन विचारपूस करायला लागली, तोवर काकाला जाऊन दीड दशक उलटलं होतं. तो कुठल्याच आकड्यात नाही. आजही लिम्फोमाचं, म्हणजे गाठींच्या रूपात दिसणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचं, प्रमाण मुंबईत बार्शीपेक्षा जास्त दिसतं. मुंबईची हवा वाईट, असेलही. पण मानेला गाठ आली की मुंबईत बायोप्सी होते, गावाकडे आधी लेप लागतो.

आणि मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातला रक्ताचा कॅन्सर, हा मुख्यतः साठीनंतरचा आजार. तेव्हा साठीपर्यंत पोचणारेच कमी, तर होणार कोणाला?

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ सीएमएल हा ब्लड कॅन्सर असून कित्येक वर्षं रोज गोळी घेतात आणि गणपतीच्या वर्गणीसाठी सगळ्यांच्या डोक्यावर बसतात. इमॅटिनिब ही त्यावरची गोळी 2001 मध्ये आली. त्याआधी असे पेशंट इतकी वर्षं दिसायला फारसे उरतच नव्हते. आता दिसतात, म्हणून म्हणे रोग वाढला.

बरं, सगळंच मोजणीवर ढकलता येत नाही, मान्य. अमेरिकेत 1970 ते 1990 च्या दशकांत नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लिम्फोमाचाच एक प्रकार) खरोखर वाढला, आणि तो सगळाच काही एड्समुळे नव्हता. बेंझीन या रसायनाने ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, होतो. लिंडेन हे कीटकनाशक 2015 मध्ये कॅन्सरकारक ठरलं, ते लिम्फोमामुळेच. मग बोला ना त्यावर! फवारणी करणाऱ्या गड्याच्या तोंडाला नुसता रुमाल असतो, त्याचा फॉरवर्ड कधी आला नाही. तवा म्हणे.

आता खरी गोष्ट सांगते. फॉरवर्ड टाकणारी माझी सख्खी आत्या. काका गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती, त्याच्या उशाशी बसून होती. वाचल्यावाचल्या तिला फोन लावला, भांडायलाच. म्हटलं, आत्या, तूच असं टाकतेस? ती म्हणाली, “अगं, त्याला तसलं काही नव्हतं. तसलं असतं तर अण्णांनी सोलापूरला नेलं नसतं का?”

यावर काय बोलणार? गप्प बसले. तिच्यावरचा राग गेला, फॉरवर्ड लिहिणाऱ्यावरचा दुप्पट झाला.

तरी ग्रुपवर एवढं टाकलं, की पोराचा ताप हटत नसेल आणि अंगावर असे डाग दिसत असतील तर तेल बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, सीबीसी ही साधी रक्ततपासणी करा. तर ॲडमिन, म्हणजे आमची काकू, लिहिते, ‘ग्रुपवर कृपया नकारात्मक पोस्ट टाकू नयेत.’ म्हणून इथे लिहितेय. काकू इथे नाही.