आधारला नंबर कुणाचा आहे?
नागपूरच्या बालगृहांतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना भाड्याने खोली मिळत नाही, असं एका लेखात वाचलं, ते खरंच आहे. पण गाडी त्याआधीच अडते, कागदपत्रांवर. आधारला मोबाइल नंबर बऱ्याचदा संस्थेतल्या कर्मचाऱ्याचा असतो. त्याची बदली झाली की ओटीपी कुणाला येणार? बँकखातं अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं मूल म्हणून उघडलेलं, त्यामुळे १८ पूर्ण होताच नवी सही आणि केवायसी लागते, तोवर पैसे अडकून पडतात. बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलाच्या पुढच्या सोयीचा आराखडा संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीपुढे) जायला हवा. माझ्या मते दोन महिने फारच कमी! दहावीचा निकाल लागताच आधार, जातीचा दाखला, लागू असेल तर अनाथ प्रमाणपत्र, सगळं तपासायला घ्या. आणि अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या मदतीची, सोय २१ वर्षांपर्यंत आहे, हे मुलांना निरोपाच्या दिवशी नाही, तेव्हाच सांगा.