'मक्याच्या राज्यात संकट येत नाही' हे खरं नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. फ्लोरिडात चक्रीवादळं, कॅलिफोर्नियात भूकंप आणि वणवे. त्यापेक्षा मक्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या आयोवासारख्या मधल्या राज्यात, एखाद्या ग्रामीण काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात) घर घ्या. समुद्र नाही, भूकंप नाही, टोर्नेडो नेमका तुमच्याच गावावर येण्याची शक्यता नगण्य. आलाच तर भोंगा वाजतो, आणि विमा आहेच. घरं स्वस्त मिळतात, हे मान्य. पण बाकीच्या भरवशावर लोक टोर्नेडोत लपायला तळघर नसलेलं घर घेऊन मोकळे होतात, म्हणून हे लिहायला बसलो.

समुद्र नाही म्हणून वादळ नाही, हे कुणी ठरवलं? १० ऑगस्ट २०२० ला साउथ डकोटापासून ओहायोपर्यंत सुमारे ७७० मैल वाऱ्याची एक भिंतच धावत गेली. याला डेरेचो म्हणतात. आयोवाच्या बेंटन काउंटीत ॲटकिन्सला वाऱ्याचा वेग ताशी १२६ मैल, म्हणजे २०० किलोमीटरच्या वर मोजला गेला. धान्याच्या पत्र्याच्या मोठमोठ्या कोठ्या चेपल्या, आणि दाणा भरत आलेला मका मैलोनमैल आडवा झाला.

'शक्यता नगण्य' हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे. एकेका घराचा हिशोब केला तर शक्यता कमीच निघते. शिवाय फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती संस्थेच्या जोखीम निर्देशांकात वर्षाचं अपेक्षित नुकसान डॉलरमध्ये धरतात. जिथे माणसं आणि इमारती कमी, तिथे आकडाही लहान. पण आकडा लहान आहे म्हणून घाव लहान बसत नाही. ॲडेअर काउंटीची वस्ती साधारण साडेसात हजार. तिचं मुख्य गाव ग्रीनफिल्ड, माणसं दोन हजारांच्या आसपास. २१ मे २०२४ ला दुपारी ईएफ-४ टोर्नेडो (० ते ५ या मोजपट्टीवर वरून दुसरा) या गावातून गेला. गावाबाहेरच्या पवनचक्क्यांचे प्रचंड खांब मोडून पडले, गावातली चार माणसं गेली. इस्पितळालाही तडाखा बसला आणि जखमींना आधी लाकडाच्या वखारीत न्यावं लागलं. शहरात एक इस्पितळ बंद पडलं तर दुसरं जवळ असतं. इथे पुढचं इस्पितळ दुसऱ्या काउंटीत.

भूकंपाचं म्हणाल तर आयोवात तो धोका खरंच कमी आहे. पण मेसेजमध्ये 'मधली राज्यं' असं सरसकट म्हटलंय. आयोवाला लागूनच मिसुरी आहे. तिथल्या न्यू माद्रिदला १८११-१२ च्या हिवाळ्यात एवढे मोठे धक्के बसले की मिसिसिपीचं पाणी काही काळ उलटं वाहताना लोकांनी पाहिलं. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे काय होणार, हे महाराष्ट्रात आपणही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत म्हणतच होतो. किल्लारी आठवा.

विमा? घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तोही सहसा ३० दिवसांनी लागू होतो. नदी चढताना दिसल्यावर फोन करून उपयोग नाही.

राहिला भोंगा. तो घराबाहेर असलेल्या लोकांसाठी असतो. रात्री दोन वाजता, खिडक्या बंद, एसी चालू, आणि तुमचं घर गावापासून तीन मैलांवर शेतात. तुम्हाला तो ऐकू येईलच असं नाही. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ उशाशी हवा, आणि फोनवरच्या सूचना चालू हव्यात. आमच्याकडे तळघरात जिन्याखाली एक पेटी असते. त्यात टॉर्च, पाणी, शिट्टी आणि प्रत्येकाचे जुने बूट, कारण वर आल्यावर सगळीकडे काचा आणि खिळे असणार. धाकटीला त्यातले बूट आता होत नाहीत. या रविवारी मोठे आणून ठेवतोय.