चंडूची टेकडी

गेल्या रविवारी आईला सिंगापूरच्या बुकित चांडूवर घेऊन गेलो. वर १९४२ च्या लढाईचं संग्रहालय आहे. नाव ऐकून आई थबकली. "चांडू म्हणजे आपल्या चंडूखान्यातला चंडू?" हो, तोच, ओढायची अफू. बुकित म्हणजे टेकडी. पायथ्याशी अफूचा कारखाना होता, तोही इंग्रज सरकारचा.

कच्ची अफू पाण्यात उकळायची, गाळायची, आटवून काकवीसारखी करायची. ओढणारा ती सुईच्या टोकावर घेऊन दिव्यावर फुलवायचा आणि नळीच्या वाटीला चिकटवायचा. वाटीत उरलेली काजळी खरवडून परत विकली जायची. ज्याला चंडू परवडत नाही, तो ती ओढायचा.

ओढणारे बहुतेक चिनी. रिक्षा ओढणारे, गोदीतले हमाल, कथिलाच्या खाणीतले मजूर. 'चिन्यांची ती सवयच' असं गोरे अधिकारी म्हणत, आणि मला राग येतो तो इथेच. कारण बंदी मागण्यात चिनी माणसंच पुढे होती. डॉ. लिम बून केंग आणि डॉ. यिन यांनी १९०६ मध्ये सिंगापुरात अफूविरोधी मंडळ काढलं, व्यसन सोडू पाहणाऱ्यांवर उपचार सुरू केले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने भारत-चीन अफूव्यापार नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवला.

मग १९०७ मध्ये सिंगापूरच्या वसाहत सरकारने अफूच्या चौकशीसाठी आयोग नेमला. साक्षी झाल्या आणि १९०८ ला अहवाल आला: दुष्परिणाम वाढवून सांगितले जातात, माफक ओढणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. बंदी नको, मक्तेदारांकडून धंदा काढून सरकारने स्वतः चालवावा! १९१० पासून तसंच झालं. अफू बंद केली तर लोक मॉर्फिनची सुई टोचून घेतील, असंही सांगितलं गेलं. ही भीती अगदीच खोटी नव्हती, मॉर्फिन खरंच पसरत होतं. पण खरं दुखणं तिजोरीचं होतं. वसाहतीचा जवळपास निम्मा महसूल अफूतून येई. बंदर करमुक्त ठेवायचं होतं, आणि प्राप्तिकराला व्यापाऱ्यांचा विरोध. म्हणजे श्रीमंताचा कर रिक्षावाल्याच्या नळीतून वसूल होत होता. याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. हाँगकाँगमध्येही लंडनने अड्डे बंद करायला सांगितल्यावर गव्हर्नर लुगार्डनी बुडणाऱ्या उत्पन्नाचाच हिशेब मांडला.

ही अफू यायची भारतातून. सिंगापूरला मुख्यतः कलकत्त्याच्या लिलावातली, बिहार-बनारसकडची. आणि माळव्याची अफू चीनला जायची ती आपल्या मुंबईतून. कंपनी सरकार पेटीमागे पासाचे पैसे घ्यायचं. जमशेटजी जीजीभॉय यांची दौलत उभी राहिली ती चीनच्या व्यापारात, कापसाबरोबर अफूवरही. त्याच दौलतीतून जे. जे. रुग्णालय झालं. त्यांचं दान खरं आहे, त्याने लाखो जीव वाचले. पण ती गोष्ट सांगताना अफूच्या पेट्याही सांगाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

सिंगापुरात चंडूवर पूर्ण बंदी आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. कायमचा प्राप्तिकर १९४८ पासून.

माझा जन्म जे. जे. मधला. उतरताना आईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या रिक्षावाल्यांना कुठला दवाखाना होता रे?"