मालकाचं उत्तर : कव्हर ६५० जीएसएमचंच आहे

नमस्कार साहेब,

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करत होतो, तेवढ्यात मुलाने मोबाईल पुढे केला. तुमचा रिव्ह्यू, एक स्टार. तुम्ही लिहिलंय की २४ फुटी बोटीचं कव्हर पाच दिवस उशिरा मिळालं, दीड महिन्यात नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला फाटलं, आत सीटांना बुरशी आली. आणि शेवटी, ‘६५० सांगून ५०० चा माल गळ्यात मारला. फसवे लोक. मालवणात कोणी इथे जाऊ नका.’

उशीर झाला हे खरं. नाळेकडे फाटलं हेही खरं. दोरी बांधायची लोखंडी खुंटी जिथे कापडाला घासते, तिथे आतून जाड पट्टी मारायला हवी होती. घाईत ती राहिली. दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो.

पण साहेब, ‘५०० चा माल’ हे वाचून त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही. तुम्ही लिहिलंय की तुमच्या इंजिनिअर मित्राने व्हर्नियरने कापड मोजलं आणि ते बरोबर ५०० भरलं. मित्राने मोजलं ते बरोबरच मोजलं. पण त्यांनी जाडी मोजली. अर्धा मिलिमीटर म्हणजे ५०० मायक्रॉन. मी तुम्हाला सांगितलं होतं ६५० जीएसएम, म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कापडाचं वजन ६५० ग्रॅम. एक जाडी, दुसरं वजन. या पीव्हीसी कापडाची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल, तरच वजन ६५० च्या घरात जातं. म्हणजे तुमच्या मित्राच्या मापाने माझाच माल खरा ठरतो, आणि त्याच मापावरून मी फसवा ठरलो.

घोटाळा का होतो तेही सांगतो. बाजारात निळी प्लास्टिकची ताडपत्री कोणी मायक्रॉनवर विकतं, कोणी जीएसएमवर. गिऱ्हाईक दोन्ही आकडे एकाच रांगेत बसवतं. ते प्लास्टिक पाण्यावर तरंगतं आणि पीव्हीसीचा तुकडा तळाला जातो. बादलीत टाकून बघा. जाडी सारखी असली तरी वजन सारखं नसतं.

तरी मनाला चैन पडेना. तुमच्या कव्हरचे कात्रण अजून पिशवीत होते, कारण मी प्रत्येक बोटीचं कात्रण ठिगळासाठी ठेवतो. त्यातला दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन पट्टी लावून कापला आणि शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला. साडेसहा ग्रॅम व्हायला हवा होता. भरला सहा ग्रॅम पाचशे वीस मिली. सोनार हसला, म्हणाला, कापड सोन्याच्या भावात विकता की काय. मला हसू आलं नाही. असलेच शंभर चौकोन जोडले की एक चौरस मीटर होतो, हिशेब तुम्हीच करा. चिठ्ठी करून घेतली आहे.

आता उशीर. सबब सांगत नाही, फक्त काय झालं ते सांगतो. तुम्ही २२ मेला, गुरुवारी आलात. मी म्हटलं, वेळ कमी आहे. तुम्ही म्हणालात, “माका मंगळवारी होया, बाकी काय सांगा नको.” मी हो म्हटलं, ते म्हणायला नको होतं. दर वर्षी मिरगापर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उसंत असते. यंदा २०२५ ला पाऊस २४ मेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात. ज्यांनी एप्रिलमध्ये यायचं ते सगळे एका दिवसात दारात उभे. पीव्हीसीचे जोड आम्ही गरम हवेच्या गनने वितळवून चिकटवतो. कापड दमट असेल तर जोड धरल्यासारखा वाटतो आणि आठ दिवसांनी कागदासारखा सुटतो. वीज दिवसातून चार वेळा जात होती. मंगळवारी दिलं असतं तर फाटलं नसतं, सरळ उसवलं असतं. म्हणून रविवारी, १ जूनला दिलं.

फोटोंबद्दल बोलणार नव्हतो. पण ते सगळ्यांना दिसतायत, म्हणून एवढंच. पहिल्या फोटोत कव्हरच्या मधोमध तळं आहे आणि कडेला दोन टायर. मी बोटीच्या मधोमध उभं करायला पाईपचं आडं सांगितलं होतं, कौलारू घराला असतं तसं, म्हणजे दोन्ही बाजूंना पाख उतरती होते आणि पाणी पागोळ्यांसारखं पडून जातं. तुम्ही म्हणालात, पाईपचा खर्च नको, टायर ठेवतो. मीटरभर लांब-रुंद खळग्यात चार इंच पाणी साचलं की शंभर किलो वजन होतं. एक मोठा माणूस दीड महिना कव्हरवर बसून राहिला असं समजा. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तळं काही सुकत नाही. कापड ताणलं ते तिथून, आणि फाटलं जिथे खुंटी होती तिथे.

दुसऱ्या फोटोत कव्हरच्या दोन्ही बाजूंच्या झडपांवर तपकिरी चिकटपट्टी आहे. झडपा हवेसाठी असतात. पीव्हीसी श्वास घेत नाही, आत घाम धरतं, म्हणून बुरशी. वावझडीचं पाणी आत जाऊ नये म्हणून वर छज्जा ठेवला होता. तुम्ही त्या बंद केल्यात, हे मला रिव्ह्यूमध्येच कळलं. आणि एक विनंती, ही चेष्टा नाही: कव्हरच्या दोऱ्या बोट ज्या टेकूंवर उभी आहे त्यांना बांधल्या आहेत, त्या आजच सोडा. वाऱ्यात कव्हर फुगलं तर टेकू ओढला जाईल आणि बोट कलंडेल. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात वारा काय करतो हे आपल्या किनाऱ्याने बघितलंय. दोऱ्या बोटीच्या पोटाखालून घ्या किंवा चिरे लटकवा. आणि मागचा बुच काढून ठेवा, आत गेलेलं पाणी निघून जाईल.

वडील कॅनव्हासची शिडं दाभणाने हाताने शिवायचे. एकाही तांडेलाने त्यांना फसवा म्हटलं नाही. माझ्यावर ती वेळ आली, तीही व्हर्नियरमुळे. मे महिन्याच्या कमाईवर वर्ष निघतं, साहेब. तुमचा रिव्ह्यू वाचून देवगडच्या एकाने दोन बोटींची ऑर्डर फिरवली. तो चुकला असं नाही, एक स्टार बघून मीही फिरवली असती.

पुढच्या वर्षीपासून ऑर्डर लवकर घेणार आहोत, खुंटी-कोपऱ्यांना पट्टी मारणारच आहोत, आणि मायक्रॉन-जीएसएमचं काहीतरी लिहून दुकानात लावू.

तुमचं कव्हर घेऊन या. नाळेला दुहेरी ठिगळ आणि रबराची पट्टी मारून देतो, पैसे नाहीत. पाईपचं आडंही आमच्याकडचं जुनं देतो, फक्त ते लावा. बोट सप्टेंबरमध्ये पाण्यात उतरायच्या आधी आलात तर बरं, उन्हाचा एक दिवस मिळाला की काम होतं. मित्रालाही घेऊन या, सोनाराचा काटा दाखवतो. बुधवारी दुकान बंद असतं.